डाव्या पायाचा मोजा

पाय जमिनीला लागायच्या आत मोजा चढला पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळं माझी सकाळ अंथरुणातच सुरू व्हायची. डोळे उघडले की उशाजवळची पावडरची डबी घ्यायची, डावा पाय पोटाशी ओढायचा, बोटांपासून वरपर्यंत पावडर चोळायची आणि मोजा उलटा करून टाचेपर्यंत आणायचा. टाचेवर तो हटकून अडायचा. तिथून पुढं बोटबोटभर ओढत घोटा, पोटरी, गुडघा आणि शेवटी मांडी. एखादी सुरकुती राहिली तर ती दिवसभर काचायची, म्हणून पुन्हा खाली उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. पंधरा-वीस मिनिटं त्यातच जायची. उन्हाळ्यात तेवढ्यात घाम फुटायचा, आणि ओल्या पायावर तो मोजा काही केल्या सरकायचा नाही.

मोजा रबरी धाग्याचा, जाड, एकाच पायाचा. खोक्यावर त्याचा रंग अंगाच्या रंगाचा आहे असं छापलेलं होतं, पण कुणाच्या अंगाचा कोण जाणे. तो गुलाबी होता आणि मी सावळी. पुढून बोटं उघडी राहायची, त्यामुळं चप्पल घातली की माझीच सावळी बोटं दुसऱ्या कुणाच्या तरी पायातून बाहेर आल्यासारखी दिसायची. येलदरीच्या वीजघराच्या कॉलनीत नळापर्यंत गेलं आणि पातळ जरा वर झालं की बायकांच्या नजरा तिथंच. एकदा एकीनं विचारलंच, "वहिनी, पाय लाकडाचा हाय का ओ?" मी हसले. घरी येऊन मात्र पुढचे आठ दिवस नळावर गेले नाही. जायची गरजही नव्हती. पाणी माझ्या सासूबाई भरत.

त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

हा पाय असा झाला तो पहिल्या बाळंतपणात. बाळंतपणाला मी माहेरी होते, सोनपेठकडच्या आमच्या गावात. मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी डावा पाय मांडीपासून सुजून आला. कातडी चकचकीत, ताणलेली, आणि पोटरीत अशी कळ की पांघरूणसुद्धा सहन होईना. आईला वाटलं थंडी बाधली, तिनं शेक दिला. दुसऱ्या दिवशी पाय निळसर दिसायला लागला तेव्हा वडलांनी गावातल्या एकाची जीप मागून आणली आणि मला परभणीला नेलं. डॉक्टरांनी पायाला हातही हळूच लावला. म्हणाले, आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. ही सुटून छातीत गेली तर माणूस हातचं जातं.

हे त्यांनी माझ्या नवऱ्यासमोर सांगितलं. तो त्याच दिवशी येलदरीहून धावतपळत आला होता. डॉक्टर आणखी बरंच काही बोलले, पण माझ्या नवऱ्यानं तेवढं एकच वाक्य घरी नेलं आणि पुढची कितीतरी वर्षं सांभाळलं.

दवाखान्यात रक्त पातळ करायची इंजेक्शनं झाली. मग माहेरी दोन-अडीच महिने पाय उशांवर ठेवून पडून राहिले. बाळाला पाजायचं ते आडवं राहूनच. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी टेपनं पाय मोजला, घोटा किती, पोटरी किती, मांडी किती, आणि औषधाच्या दुकानदाराला चिठ्ठी दिली. मोजा मुंबईहून यायला महिना लागला. तो घालून मी येलदरीला आले.

यात मला लागलेलं वेगळंच होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी पळणारी मुलगी होते.

शाळेत असताना मी आठशे मीटर पळायची. अनवाणी, गुडघ्याखाली येणाऱ्या परकरात, काळ्या मातीच्या मैदानावर. तालुक्याला पहिली आले, जिल्ह्याला दुसरी. परभणीच्या कॉलेजात गेले तेव्हा तिथल्या सरांनी मला आणि आणखी एका मुलीला निवडलं होतं. ती दलित वस्तीतली होती, माझ्यापेक्षा लांब टांगांची, आणि सरावात शेवटच्या वळणावर मला नेहमी मागं टाकायची. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं ते त्याच वर्षी. खेड्यापाड्यांत जाळपोळ झाली, कॉलेज बंद, एस.टी. बंद. गाड्या सुरू झाल्याबरोबर वडील येऊन मला घेऊन गेले. तिच्या वस्तीला आग लावली असं नंतर कानावर आलं. ती परत कॉलेजात आली की नाही, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही, आणि ते न विचारणं अजून बोचतं.

मी परत गेलेच नाही. कॉलेज कधी उघडणार याचा भरवसा नव्हता, आणि घरी बसलेल्या मुलीचं लग्न ठरायला वेळ लागत नाही. स्थळ चांगलं होतं. आमच्यासारखीच मेंढरं राखणारी माणसं. आमच्याकडं दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं सुटून शेती आली होती. त्यांच्याकडं मात्र आत्याबाईंनी निम्मं आयुष्य कळपामागं चालण्यात घालवलं होतं. मुलगा आयटीआय झालेला, येलदरीच्या वीजघरात ऑपरेटर. दोन खोल्यांचं क्वार्टर, लाईट, नळ. आईला तर हे ऐकूनच रडू आलं होतं, आनंदानं.

त्या क्वार्टरमध्ये मी मोजा घालून परत आले तेव्हा सगळी व्यवस्था झालेली होती. खाटेपाशी पाय ठेवायला स्टूल. चूल बंद, ओट्यावर नवा स्टोव्ह, आणि तोही आत्याबाईच पेटवणार. धुणं त्यांचं, भांडी त्यांची, लेकराची आंघोळ त्यांची. मी उठून पाण्याचा तांब्या घ्यायला गेले तरी हे दारातून म्हणायचे, "अगं, मला सांगायचं ना." कुणी एक वाकडा शब्द बोलत नव्हतं. माझ्या मैत्रिणींना सासरी काय काय भोगावं लागत होतं ते मला ठाऊक होतं, त्यामुळं तक्रार करायचीही लाज वाटायची.

पण दिवस संपायचा नाही. एप्रिलमध्ये त्या सिमेंटच्या छताखाली दुपारी भाकरी भाजावी तशी हवा तापायची. मांडीशी मोज्याची कड रुतलेली, आत कातडीला खाज, आणि ती खाजवायचीही सोय नाही. खिडकीतून समोरच्या क्वार्टरची मागची भिंत दिसायची. तिच्यावरची सावली किती सरकली ते मी बघत बसायची. मुलगी रांगायला लागली, भिंतीला धरून उभी राहायला लागली, तिच्यामागं घरभर आत्याबाई फिरायच्या. ती पडली तर रडत त्यांच्याकडं जायची. मी खाटेवरून हात पुढं करायची, पण तोवर तिला कुणीतरी उचललेलं असायचं.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा परभणीला डॉक्टरांना दाखवायला गेलो. त्यांनी पाय बघितला आणि विचारलं, "रोज किती चालता?"

मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "चालू देत न्हाई साहेब. पूर्ण आराम."

डॉक्टर चिडले. "आराम तेव्हा सांगितला होता. आता चालवा त्यांना. पोटरी हलली तर रक्त वर चढेल. मोजा घालून रोज चालायचं."

परतीच्या एस.टी.त हे खिडकीशी बसले. जिंतूर आल्यावर म्हणाले, "सकाळी आईसोबत जात जा. एकटी न्हाई."

अशा रीतीनं मला पहाटेचा अर्धा तास मिळाला. मुलगी झोपेत असायची, यांची दुपारची पाळी असली तर हे घरी असायचे, नसली तर शेजारीण लक्ष ठेवायची. आम्ही दोघी कॉलनीच्या फाटकातून बाहेर पडून धरणाच्या बाजूच्या रस्त्यानं जायचो. रस्त्याच्या कडेला फर्लांगा-फर्लांगावर चुन्यानं रंगवलेले दगड होते. एका हाताला पाणी, दूरवर मासे धरणाऱ्यांच्या होड्या. आत्याबाई पासष्टीच्या, पण चालायच्या अशा की मला धाप लागायची.

निघण्याआधी त्या पायरीवर बसून स्वतःच्या पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळायच्या. जुन्या लुगड्याच्या, चार बोटं रुंद, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्यांच्या पायांवर शिरा दोरासारख्या फुगलेल्या होत्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही कधी डॉक्टरला दाखवलं नाही?"

"काय दाखवायचं त्यात? मेंढरामागं चालणाऱ्या समद्या बायांचं आसंच आसतंय. माझी माय बांधायची, मी बी बांधते." त्यांनी घोट्याशी पट्टी ताणली. "खाली आवळायची, वर सैल सोडायची. वर आवळली की पाय मरतोय. तुझ्या त्या डागदरनं येवढे पैशे घेऊन न्यारं काय केलंय?"

मी मोज्यावरून हात फिरवला. खरंच, घोट्याशी तो सगळ्यात घट्ट होता.

महिनाभर आम्ही चालत होतो. एका सकाळी त्यांची पट्टी सुटली. त्या कडेच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू हो म्होरं, आले मी."

मी पुढं निघाले. रस्ता सपाट होता, पाण्यावरून गार वारा येत होता, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. मी ठरवून काही केलं नाही. पावलं लांब पडायला लागली, मग आणखी लांब, आणि मी पळत होते. निऱ्या एका हातात धरलेल्या, पायात बंदाची चप्पल. डाव्या पोटरीला कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवलंय असं वाटत होतं. इतके दिवस मला त्या पकडीचा राग होता. पळताना मात्र ती आधारासारखी लागली. पाय आपटला तरी आतलं काही हलत नव्हतं. पुढच्या दगडापाशी थांबले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. गुठळी, छाती, हातचं जाणं, सगळं आठवलं. मी दगडावर बसून वाट बघितली. काही झालं नाही.

आत्याबाई आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मागं रस्त्याकडं बघितलं.

"पळायलीस?"

"हो."

"दुखालं का?"

"नाही."

त्यांनी खाली वाकून माझी पोटरी चाचपली. मग म्हणाल्या, "ह्या दगडापसून त्या दगडापस्तोर. त्याच्या म्होरं न्हाई. आन् त्याला सांगू नको, जीव टांगून घेतंय पोरगं."

पुढं दोन महिने मी त्या दोन दगडांच्या मध्ये पळाले. जायचं आणि यायचं. आत्याबाई मध्ये कुठंतरी उभ्या राहायच्या, कुणी येतंय का बघत. चपला मी त्यांच्यापाशी काढून ठेवायची, मोज्याचा तळवा झिजायला लागला होता तो मी रफू करायची. रस्ता पुढं लांबवर जात होता, पण त्या दगडापाशी मी वळायची. तेवढंही कमी वाटायचं नाही. उरलेला दिवस मी त्याच्याच जोरावर काढायची.

वीजघरातल्या रात्रपाळीची माणसं सकाळी त्याच बाजूनं सायकलवर यायची. कुणीतरी बघितलं असणार. एका संध्याकाळी हे घरी आले ते बूट न काढताच बसले.

"तू पळतीस म्हणं धरणावर."

आत्याबाई तेव्हा गावाकडं गेल्या होत्या, नात्यातल्या लग्नाला. मला पाठीशी घालणारं घरात कुणी नव्हतं.

"लोकं हसायलेत ते जाऊ दे. डॉक्टर काय म्हणाले होते? माझ्यासमोर म्हणाले होते."

"ते चाला म्हणाले."

"चाला म्हणाले. पळा म्हणाले का?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "तुला काय झालं तर ह्या लेकराला मी काय सांगू?"

रात्री मी मोजा काढून नेहमीप्रमाणे खाटेवर बसूनच घमेल्यात धुतला आणि खाटेच्या दांडीवर वाळत टाकला. सकाळी जाग आली तेव्हा दांडी मोकळी होती. हे दारात उभे, पहिल्या पाळीला निघालेले, हातात डबा.

"मोजा कुठंय?"

"कपाटात ठेवलाय." लोखंडी कपाट, आमच्या लग्नातलं. "कुलूप लावलंय. आठच्या चहाच्या सुट्टीत येतो आणि काढून देतो. तोवर पडून राहा. आज एक दिवस तरी माझा जीव थाऱ्यावर राहू दे."

"अहो, मुलगी उठली तर?"

"उठत न्हाई आठपर्यंत."

आणि ते गेले. बाहेरून कडी लावली नाही. त्याची गरज नव्हती. मोज्याशिवाय मी पाय खाली ठेवणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. आज कळतं की मोज्याशिवाय दहा पावलं टाकली म्हणून काही माणूस मरत नसतं. तेव्हा कळत नव्हतं. वर्षभर मी एकदाही उघड्या पायानं जमिनीवर उभी राहिले नव्हते.

मी पडून राहिले. आठ वाजले ते वीजघराच्या भोंग्यानं कळलं. नऊच्या सुमाराला मुलगी उठली. तिला खाटेवर घेतलं, पाजलं, काही वेळ खेळवलं. मग ती खाली उतरली. तिला नुकतं चालता यायला लागलं होतं, आणि पायात वाळे होते. ती खोलीतून बाहेरच्या खोलीत गेली. मी हाका मारत होते, ती हसत होती. मग दाराची करकर झाली. यांनी दार नुसतं लोटलं होतं.

वाळ्यांचा आवाज पायरीवर आला, मग अंगणात. मग आलाच नाही.

अंगणाच्या टोकाला नळाचा ओटा होता आणि त्याच्यापुढं पाण्याचा हौद. मी हाका मारल्या. शेजारणीला हाक मारली. कुणी ओ दिली नाही. तेव्हा माझ्या खाटेला लागून आत्याबाईंची खाट होती तिकडं मी वाकले आणि गादीखाली हात घातला. त्यांच्या जादा पट्ट्या तिथं असायच्या. दोन सापडल्या, हिरव्या लुगड्याच्या. मी त्या बांधायला घेतल्या. घाईत पहिली दोनदा सुटली. खाली आवळायची, वर सैल सोडायची, एवढंच मनात घोळवत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आले, टोक आत खोचलं आणि खाली उतरले.

मुलगी हौदापाशी नव्हती. नळाच्या ओट्यावर चिखलात बसून दोन्ही मुठींनी माती खात होती. मी तिला उचललं. तिथंच, ओट्याला टेकून, मला थोडा वेळ रडू आलं. मग ते थांबलं, आणि मी घरात गेले नाही.

वीजघर कॉलनीपासून पाऊण-एक किलोमीटर असेल. दहाचं ऊन होतं. मुलगी कडेवर, पातळ वर खोचलेलं, डाव्या पायाला हिरव्या पट्ट्या. बायका दारात येऊन बघत होत्या. मी पळत नव्हते, पण हळूही चालत नव्हते. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला ओळखलं.

"वहिनी, आत सोडता येत न्हाई."

"आत यायचंच नाही मला. त्यांना बाहेर बोलवा."

हे आले ते हात ग्रीसनं काळे झालेले. आधी त्यांनी मुलीच्या तोंडाचा चिखल बघितला, मग माझा पाय.

"चावी," मी म्हणाले.

"मशीन बंद पडलं सकाळीच. साहेब उभे हायेत डोक्यावर. मी निघणारच होतो. माझ्या हातात नव्हतं ते."

"कपाट तुमच्या हातात होतं."

पहारेकरी दुसरीकडं बघायला लागला. यांनी खिशात हात घातला, चावी काढली, ग्रीस पुसायला ती शर्टावर घासली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "पोरगी कुठं गेली होती?"

"हौदाकडं."

ते खाली बसले. तिथंच, फाटकाच्या लोखंडी पट्टीवर, भर उन्हात. मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं, आणि बसावंसं वाटलं याचा रागही आला. मी परत फिरले.

आत्याबाई दोन दिवसांनी आल्या. त्यांना मी काही सांगितलं नाही, नळावरच्या बायकांनी सांगितलं. त्यांनी मुलाला जेवायला वाढलं, त्याचं जेवण होऊ दिलं, आणि मग म्हणाल्या, "वाघराच्या जाळीत मेंढरं कोंडताव आपुन. पर कोंडायच्या आधी पाणी दावताव. इतकं शिकवलं न्हाई का रं तुला मी?" हे ताटातच हात धुऊन बाहेर गेले. त्या दिवसापासून कपाटाची चावी भिंतीवरच्या खिळ्याला असायची. मला त्या खिळ्याकडं बघवायचं नाही.

पुढच्या महिन्यात हे स्वतःहून मला डॉक्टरांकडं घेऊन गेले. यांनीच विचारलं, "साहेब, ही मोजा घालून पळती. चालंल का?" विचारताना त्यांचे कान लाल झाले होते.

डॉक्टरांनी मला खाटेवर निजवलं, पोटरी दाबली, घोट्याशी अंगठा रोवून बघितला. म्हणाले, "किती दिवस पळताय?"

"दोन-अडीच महिने."

"सूज तर कमी आहे." ते खुर्चीत मागं टेकले. "बाई, खरं सांगू? माझ्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही. पायाला असं झालेली बाई पळते म्हणून माझ्याकडं आजवर कुणी आलेलं नाही. मी हो म्हणणार नाही. पण नाहीसुद्धा म्हणणार नाही. दुखलं, सुजलं, धाप लागली तर त्याच दिवशी या."

यांनी ते हो समजून घेतलं नाही. नाही समजून घेतलं नाही हेच पुष्कळ होतं. दुसऱ्या दिवसापासून ते सायकल घेऊन माझ्यासोबत यायला लागले. आत्याबाई घरी राहायच्या मुलीजवळ. मी पळायची, आणि माझ्या मागं दहा हातांवर सायकलच्या साखळीचा आवाज. मी हळू झाले की तो हळू. मी थांबले की ब्रेकची किरकिर, आणि प्रश्न, "काय झालं? छातीत दुखतंय का?" दोन दगडांच्या ऐवजी आता पाच-सहा दगड झाले होते. शेवटच्या दगडापाशी वळण होतं, पुढचं दिसायचं नाही. रोज वाटायचं, बघावं तरी तिकडं काय आहे ते. पण मागून हाक यायची, "बास आता," आणि मी वळायची. कधी कधी मला आत्याबाईंसोबतचा तो चोरून मिळवलेला तुकडा हवासा वाटायचा. तो लांबीला लहान होता, पण त्यात माझ्या मागं कुणी नसायचं.

तरी मी पाच-सहा वर्षं पळाले. पावसाळ्यात खंड पडायचा, दुसऱ्या बाळंतपणात पडला. या खेपेला पायाला काही झालं नाही, त्याचं श्रेय हे मोज्याला द्यायचे, मी पळण्याला, आणि आत्याबाई म्हसोबाला. मोजे तीन झाले. प्रत्येक मोजा झिजला की यांना परभणीला जाऊन माप सांगावं लागायचं. ते माप त्यांना तोंडपाठ होतं. घोटा, पोटरी, मांडी. स्वतःच्या शर्टाचं माप त्यांना आजही सांगता येत नाही.

आत्याबाई गेल्यावर वर्षभरातच यांची बदली परभणीला झाली. मुलींच्या शाळेसाठी बदली यांनीच मागून घेतली होती. आम्ही एका गल्लीत भाड्यानं घर घेतलं. खाली मालक, वर आम्ही, समोरचं घर इतकं जवळ की त्यांचा रेडिओ आमच्यात वाजल्यासारखा. पहिल्या काही आठवड्यांत मी पळायची जागा शोधली. गच्ची होती, तिच्यावर बारा पावलांत कठडा यायचा. मी तिथं चार दिवस पळून बघितलं. पाचव्या दिवशी मालकीणबाई वर आल्या, विचारायला की छतावर काय आपटतंय.

मग एका रविवारी हे म्हणाले, "शेतकी कॉलेजाकडं चांगला रस्ता हाय. रुंद, झाडं हायेत. चल."

पहाटे गेलो. खरंच चांगला रस्ता होता. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये डांबर, आणि माणसं. मफलर बांधलेले प्रोफेसर, पांढरे बूट घातलेली मुलं, हातवारे करत चालणारे पेन्शनर. बायका दोन-तीनच होत्या, त्याही नवऱ्यांसोबत, हळू. मी चालत राहिले. यांनी एक-दोनदा माझ्याकडं बघितलं.

"पळ की," ते म्हणाले.

"इथं?"

"मग कुठं? सायकल न्हाई आणली मी आज. तू हो पुढं, मी येतो मागून चालत."

त्यांनी मनापासून म्हटलं होतं. माझ्या हातातली पिशवीसुद्धा त्यांनी घेतली. मी निऱ्यांना हात घातला. समोरून दोन मुलं पळत आली, आमच्यापाशी येऊन त्यांनी जरा वेग कमी केला, बाजूनं गेली. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नसेल. पण मी अठ्ठावीस वर्षांची, दोन मुलींची आई, पातळ नेसलेली, पायात गुलाबी मोजा. आणि मला येलदरीच्या नळावरच्या सगळ्या बायका त्या झाडांखाली ओळीनं उभ्या दिसल्या. पाय उचलेना. कुणी धरलं नव्हतं. कुलूप नव्हतं, कुणाचं वाक्य नव्हतं, मागं साखळीचा आवाजही नव्हता.

"नको," मी म्हणाले. "चालूच."

"का गं?"

"असंच."

त्यांनी फार विचारलं नाही. आम्ही रस्त्याच्या टोकापर्यंत चाललो. मी जरा भरभर चालत होते, ते मागं पडत होते आणि मग दोन मोठी पावलं टाकून मला गाठत होते. टोकाला एक बाई मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. त्यांनी दोन जुड्या घेतल्या, पिशवीत घातल्या, आणि पिशवी मला परत न देता स्वतःच घेऊन चालायला लागले.